शरीराचा घसारा आणि घरातील रोइंग मशीन

व्यापारी माणसाला घसारा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दुकानातील फर्निचर, गोदामातील वजनकाटा, माल पोचवणारा टेम्पो यांची किंमत दरवर्षी थोडी थोडी उतरते आणि ताळेबंदात तिची नोंद इमानेइतबारे केली जाते. परंतु सकाळी दहाला गादीवर बसून रात्री नऊला शटर ओढणाऱ्या मालकाच्या शरीराचा घसारा कोणत्याच वहीत मांडला जात नाही. नोकरदाराला निदान आजारपणाची रजा असते. स्वतःच्या पेढीवर बसणाऱ्याला ती सवलत नाही. कर्ता माणूस तीन आठवडे अंथरुणाला खिळला, तर उधारीची वसुली थांबते, हंगामाचा माल भरायचा राहतो आणि बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला दारात उभा असतो. छोट्या पेढीचे सर्वांत मोठे भांडवल म्हणजे मालकाचे धडधाकट शरीर. ताळेबंदात त्याला स्थान नाही, इतकेच.

बैठ्या व्यवसायाचे परिणाम व्यापारी कुटुंबांना नवे नाहीत. आखडलेली कंबर, सुटलेले पोट, चाळिशीतच वाढलेली रक्तशर्करा आणि जिना चढताना लागणारी धाप यांची चर्चा लग्नसमारंभाच्या पंगतीतही होते. पहाटे फिरायला जाण्याचा सल्ला सगळेच देतात. पावसाळ्याचे चार महिने, रस्त्यांची अवस्था आणि दुकानाच्या वेळा पाहता तो वर्षभर पाळणे अनेकांना जमत नाही. म्हणून घरीच व्यायाम करता यावा यासाठी यंत्र आणले जाते. पूर्वी ते बहुधा ट्रेडमिल किंवा सायकल असे. अलीकडे बसून वल्हे मारल्याप्रमाणे व्यायाम देणारे रोइंग मशीनही घराघरांत दिसू लागले आहे.

दुर्दैवाने यांतील बरीच यंत्रे पहिल्या महिन्यानंतर टॉवेल वाळत घालण्याच्या कामी येतात. त्यामागे बहुतेक वेळा दोन कारणे असतात. पहिले, वापरण्याची रीत न समजल्याने कंबर दुखू लागते आणि दोष यंत्राला दिला जातो. दुसरे, निगा न राखल्याने बैठक अडखळते, साखळी कुरकुरते आणि वापरणाऱ्याचा उत्साह मावळतो. ही दोन्ही कारणे टाळता येण्याजोगी आहेत. त्यासाठी फारसा खर्चही लागत नाही. थोडी माहिती आणि व्यापाऱ्याच्या अंगी असतेच ती नियमितता पुरेशी आहे.

यंत्राची पूर्वपीठिका

जमिनीवर बसून वल्हवण्याचा सराव करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत विल्यम कर्टिस यांना १८७२ मध्ये अशा यंत्राचे पेटंट मिळाले होते. आज दिसणाऱ्या यंत्राचा खरा पाया मात्र १९८१ मध्ये घातला गेला. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील डिक आणि पीट ड्रायसिगॅकर हे दोघे भाऊ नौकांची वल्ही बनवण्याचा व्यवसाय करीत. हिवाळ्यात नदी गोठली की नौकापटूंचा सराव थांबे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी सायकलच्या चाकाला पाती बसवली आणि साखळी ओढली की ते चाक हवा कापत फिरेल अशी योजना केली. ‘कन्सेप्ट टू’ या नावाने त्यांनी बाजारात आणलेले हे यंत्र पुढे जगभरातील क्रीडासंस्थांनी स्वीकारले. त्याच दशकात जॉन ड्यूक या अमेरिकन नौकापटूने लाकडी चौकटीत पाण्याची टाकी बसवलेले यंत्र तयार केले. त्यामध्ये हवेऐवजी पाणी कापले जाते.

महाराष्ट्राला हा खेळ परका नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा मुळा नदीकाठचा बोट क्लब १९२८ पासूनचा आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही या दुष्काळी गावात वाढलेल्या दत्तू भोकनळ यांनी सैन्यात भरती झाल्यावर वल्हे हाती घेतले, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात भारताचे प्रतिनिधित्व केले आणि २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक मिळवले. लहानपणी नदीशी संबंध आला नाही, म्हणून ही क्रिया आता जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. प्रौढ वयातही ती शिकता येते. ती शिकावी मात्र लागते.

खरेदीपूर्वीचा विचार

बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात. हवेच्या रोधावर चालणाऱ्या यंत्रात जितक्या जोराने ओढावे तितका रोध वाढतो. ते टिकाऊ असते, त्याला विजेची जोडणी लागत नाही, परंतु त्याचा आवाज मोठ्या पंख्यासारखा येतो. चुंबकीय यंत्रात धातूच्या फिरत्या चाकाजवळ चुंबक सरकवून रोध कमी-जास्त केला जातो. ते जवळजवळ निःशब्द असते. घरात कोणी सामायिक किंवा स्वाध्याय करीत असेल, अथवा दुपारी वडीलधाऱ्यांची विश्रांती चालू असेल, तर हा गुण महत्त्वाचा ठरतो. पाण्याचे यंत्र दिसायला देखणे आणि आवाजाला मंद असते, पण भरल्यावर पन्नास किलोपेक्षाही जड होऊ शकते. चौथा प्रकार हायड्रॉलिक दट्ट्यांचा. तो स्वस्त असून जागा कमी व्यापतो; मात्र पंधरा-वीस मिनिटांत दट्ट्यातील तेल तापले की रोध उतरू लागतो. रोज व्यायाम करू इच्छिणाऱ्या कुटुंबाने पहिल्या दोन प्रकारांचा विचार आधी करावा.

जागा मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हवेवर चालणारे प्रचलित यंत्र सुमारे आठ फूट लांब व दोन फूट रुंद असते, आणि हात-पाय मोकळे राहावेत यासाठी नऊ फूट बाय चार फूट जागा लागते. त्याचे वजन सव्वीस किलोच्या आसपास असते. पुष्कळ यंत्रे मधून दोन भागांत सुटी होतात किंवा उभी करून ठेवता येतात. बैठकीची उंची हाही मुद्दा आहे. काही यंत्रांची बैठक जमिनीपासून जेमतेम चौदा इंचांवर असते. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना तिथून उठणे कठीण जाते. त्यांच्यासाठी वीस इंच उंचीचे पाय असलेले यंत्र पाहावे.

जुने यंत्र घेण्यात कमीपणा नाही, पण ते घोड्याची परीक्षा करावी तसे तपासावे. बैठक मागे-पुढे ढकलून ती अडखळते का ते पाहावे. साखळी पूर्ण बाहेर ओढून हळूहळू परत सोडावी. ती मध्येच सैल पडली तर आतील रबरी दोरी थकलेली आहे. साखळीच्या कड्या ताठरल्या आहेत का, मॉनिटरवर आकडे नीट उमटतात का, चौकटीच्या जोडावर गंज आहे का, हे स्वतः बसून पाच मिनिटे चालवल्यावरच कळते. यंत्र नवे असो वा जुने, त्याचे सुटे भाग आपल्या शहरात मागवता येतात की नाही, हे सौदा पक्का करण्यापूर्वी विचारावे. बिल आणि हमीपत्र दुकानाच्या कागदपत्रांत मिसळू न देता वेगळे ठेवावे.

वल्हवण्याची रीत

या यंत्रावर बसलेला माणूस हातांनी ओढतो आहे असे दुरून वाटते. प्रत्यक्षात काम पायांचे असते. एकूण जोरापैकी सुमारे साठ टक्के पायांचा, त्यानंतर कंबर-पाठीचा आणि सर्वांत कमी हातांचा, असा ढोबळ हिशेब प्रशिक्षक सांगतात. हा हिशेब उलटा झाला की कंबर दुखते.

प्रथम पावले पाटीवर ठेवून पट्टा आवळावा. पट्टा घोट्यापाशी नसावा. पायाचे पाऊल जिथे वाकते, त्या बोटांच्या मुळाशी तो यावा. मूठ आवळून न धरता बोटांचा आकडा करून धरावी. मनगटे सरळ ठेवावीत.

पहिल्या टप्प्यात बैठक पुढे येते, नडग्या उभ्या होतात, हात सरळ असतात आणि धड कमरेपासून किंचित पुढे झुकलेले असते. पाठ लांब व ताठ राहावी. वहीवर वाकून बसल्यासारखी तिची कमान होऊ नये. दुसऱ्या टप्प्यात पायांनी पाटी ढकलावी. या वेळी हात सरळच राहतात. पाय जवळजवळ सरळ झाले की मगच धड मागे रेलावे आणि शेवटी मूठ छातीच्या खाली, बरगड्यांपाशी आणावी. तिसऱ्या टप्प्यात क्षणभर स्थिरता असते. घड्याळाच्या भाषेत सांगायचे, तर धड पुढे झुकताना एक वाजल्याइतके आणि मागे रेलताना अकरा वाजल्याइतके कलावे. त्याहून जास्त नाही. चौथा टप्पा परतीचा. प्रथम हात सरळ करून मूठ गुडघ्यांच्या पुढे न्यावी, मग धड पुढे आणावे आणि सर्वांत शेवटी गुडघे मोडावेत.

लक्षात ठेवायला हा क्रम सोपा आहे : जाताना पाय, कंबर, हात, येताना हात, कंबर, पाय. जाण्याला जितका वेळ लागेल, त्याच्या साधारण दुप्पट वेळ येण्याला द्यावा. पाटी ढकलताना श्वास सोडावा, परतताना घ्यावा. श्वास रोखून जोर लावण्याची सवय रक्तदाब असलेल्यांना विशेष घातक आहे.

नवशिक्यांच्या हातून होणाऱ्या चुका ठरलेल्या असतात. हात आधी ओढले जातात, त्यामुळे खांदे आणि मान भरून येते. गुडघे हातांच्या आधी मोडतात, मग मूठ गुडघ्यांवरून उचलून न्यावी लागते. पाठ वाकते आणि भार मणक्यावर येतो. सर्वांत मोठी चूक घाईची. मिनिटाला तीस-पस्तीस वेळा भराभर पुढे-मागे होण्याने घाम येतो, पण व्यायाम उथळ राहतो. मिनिटाला अठरा ते चोवीस फेऱ्या, पण प्रत्येक फेरीत पायांचा पूर्ण जोर, ही गती घरगुती वापराला योग्य आहे.

पहिल्या आठवड्यात रोज पाच मिनिटे केवळ क्रमाचा सराव करावा. पाय सरळ ठेवून दहा वेळा फक्त हात ओढावेत. मग दहा वेळा हात आणि कंबर. मग अर्धे गुडघे मोडून दहा वेळा. आणि शेवटी पूर्ण फेरी. घरातील कोणी बाजूने मोबाइलवर चित्रण केले, तर पाठ वाकते की नाही हे स्वतःलाच दिसते.

रोध आणि आकडे

हवेच्या यंत्राच्या चक्राला एक ते दहा आकड्यांचा खटका असतो. त्याला डॅम्पर म्हणतात. आकडा जितका मोठा तितका व्यायाम चांगला, अशी समजूत करून घेऊन अनेकजण पहिल्याच दिवशी तो दहावर नेतात. डॅम्पर म्हणजे सायकलचा गिअर. तो चक्रात किती हवा शिरावी एवढेच ठरवतो. दहावर ठेवले की प्रत्येक ओढ जड, संथ आणि कमरेवर भार टाकणारी होते. तीन ते पाच हे आकडे बहुतेकांना पुरतात. व्यायामाची तीव्रता खटक्याने वाढवायची नसून पायांच्या जोराने वाढवायची असते.

मॉनिटरवर पाचशे मीटरला लागणारा वेळ दिसतो. हा आकडा वाचताना हिशेबी माणसाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाचशे मीटरला तीन मिनिटे या वेगाला सुमारे ६० वॉट लागतात, अडीच मिनिटांना सुमारे १०४ वॉट आणि दोन मिनिटांना सुमारे २०३ वॉट. म्हणजे अडीच मिनिटांवरून दोनवर येताना वेग पंचवीस टक्क्यांनी वाढतो, पण शक्ती जवळजवळ दुप्पट खर्च होते. शेजाऱ्याचा किंवा मुलाचा आकडा गाठण्याच्या नादात पन्नाशीच्या गृहस्थाने हृदयावर असा अचानक भार टाकू नये. स्पर्धा करायचीच तर आपल्याच मागील महिन्याच्या आकड्याशी करावी.

वेळ आणि मात्रा

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेच्या व्यायामाची शिफारस करते. पाच दिवस तीस मिनिटे, असे त्याचे सोपे कोष्टक होते. तिथवर मात्र टप्प्याटप्प्याने जावे. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. दुसऱ्या आठवड्यात चार मिनिटांच्या तीन, तिसऱ्यात आठ मिनिटांच्या दोन आणि चौथ्या आठवड्यात सलग वीस मिनिटे. व्यायाम चालू असताना तुटक का होईना, एखादे वाक्य बोलता आले पाहिजे. तेवढीही धाप आवरत नसेल तर गती कमी करावी.

वेळ निवडताना घरचे नियम विचारात घ्यावेत. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्यांनी दुकान बंद करून आल्यावर यंत्रावर बसणे योग्य नव्हे. घाम गेल्यावर शरीराला पाणी लागते आणि ते सकाळपर्यंत मिळणार नसते. त्यांच्यासाठी सकाळची वेळ उत्तम. नवकारसी करणाऱ्यांनी ती पाळून, पाणी घेतल्यानंतर व्यायाम करावा. पोटभर जेवणानंतर किमान दीड-दोन तास जाऊ द्यावेत. उपवासाच्या दिवशी, विशेषतः पर्युषणातील सलग तपाच्या काळात, यंत्राला विश्रांती द्यावी; पारणे झाल्यावरही एकदम पूर्वीच्या मात्रेवर येऊ नये.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, मणक्याची चकती सरकलेली असणे, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जवळ खडीसाखर ठेवावी. छातीत दडपण, चक्कर किंवा पायात उतरणारी कळ जाणवली तर त्याच क्षणी थांबावे. हा व्यायाम सांध्यांना धक्के देत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र तो बसून केला जात असल्याने हाडांना उभ्याने मिळणारा भार त्यात मिळत नाही. जमेल तेव्हा चालणे सोडू नये.

पोशाखाकडे दुर्लक्ष करू नये. बैठकीखाली छोटी चाके असतात आणि ती पदर, ओढणी, धोतराचा सोगा किंवा लांब सदऱ्याचे टोक सहज ओढून घेतात. स्त्री-पुरुष दोघांनीही अंगालगतचे, सुटे टोक नसलेले कपडे घालावेत. लहान मुलांची बोटे बैठक आणि पट्टी यांच्यामध्ये चिरडू शकतात. मोठ्यांच्या देखरेखीशिवाय मुलांना यंत्राजवळ जाऊ देऊ नये. मूठ हातातून सोडून देणेही धोक्याचे. ती वेगाने परत जाऊन आपटते.

यंत्राची निगा

दुकानाच्या वर किंवा मागे घर असलेल्या कुटुंबांत धुळीचा प्रश्न मोठा असतो. कापडाचे तंतू, धान्याचा भुसा, हळद-मिरचीची पूड हवेतून यंत्रापर्यंत पोचते. यंत्र उघड्या गच्चीवर, गोदामात किंवा स्वयंपाकघराच्या वाटेवर ठेवू नये. कोकणपट्टीत आणि मुंबईत दमट हवेने साखळी गंजते, म्हणून पावसाळ्यात ते भिंतीपासून व खिडकीपासून दूर ठेवावे. खाऊचे कण पडलेल्या जागी उंदीर येतात आणि ते रबरी दोरी कुरतडतात.

वापरण्यापूर्वी मऊ कुंच्याने पट्टी, बैठकीची खालची बाजू आणि चक्राची जाळी हलकेच झाडून घ्यावी. मुंगी, कोळी किंवा पाकोळी तिथे बसलेली असू शकते. यतना म्हणून जे करायचे, तेच यंत्राच्याही हिताचे ठरते.

व्यायाम झाल्यावर कोरड्या किंवा किंचित ओल्या फडक्याने पट्टी पुसावी. तिच्यावर जमणारी काळी रेघ ही धूळ आणि घाम यांची असते आणि बैठकीची चाके तिच्यामुळेच झिजतात. मूठ सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसावी. मॉनिटरवर पाणी किंवा फवारा थेट मारू नये. मूठ मधल्या आकड्यात अडकवून न ठेवता चक्राच्या जाळीला टेकेपर्यंत परत जाऊ द्यावी. त्यामुळे आतील रबरी दोरी ताणलेल्या अवस्थेत राहत नाही आणि अधिक काळ टिकते.

साखळीला दर पन्नास तासांच्या वापरानंतर तेल द्यावे. एकट्याने आठवड्याला शंभर मिनिटे वापरले तर पन्नास तास भरायला तीस आठवडे लागतात. तिघांनी वापरले तर दहा आठवडे पुरतात. फडक्यावर चमचाभर शुद्ध खनिज तेल घेऊन साखळी बाहेर ओढावी, ती तेल लावलेल्या फडक्यातून फिरवावी आणि जादा तेल कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. शिलाई मशीनचे पातळ तेल या कामी चालते. खोबरेल किंवा खाण्याचे कोणतेही तेल लावू नये. ते चिकट होऊन धूळ धरते. गंज सोडवणारा फवारा म्हणजे वंगण नव्हे, तोही वापरू नये. ज्या यंत्रात साखळीऐवजी पट्टा आहे, त्या पट्ट्याला तेल मुळीच लावायचे नसते. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत काही वेगळे सांगितले असेल, तर ते प्रमाण मानावे.

दर सहा महिन्यांनी सगळे स्क्रू तपासून घट्ट करावेत. चक्राच्या जाळीआड धुळीचा थर दिसला तर व्हॅक्यूम क्लीनरने तो ओढून घ्यावा. जाळी धुळीने भरली की हवा कमी शिरते, त्याच डॅम्परवर ओढ हलकी लागते आणि आकडे फसवे होतात. तोल बिघडलेल्या वजनकाट्यावर माल तोलण्याचाच हा प्रकार. साखळी परत जाताना सैल पडू लागली, तर रबरी दोरी ताणून घेण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. घर महिनाभर बंद राहणार असेल, तर मॉनिटरमधील सेल काढून ठेवावेत. ते फुटले की दुरुस्ती महाग पडते.

पाण्याच्या यंत्राची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या टाकीत सुमारे सतरा लिटर पाणी महिनोन्‌महिने साठून राहते. ऊन लागले की त्याला हिरवट छटा येते, म्हणून ते सूर्यप्रकाशात ठेवू नये आणि ठरावीक मुदतीने त्यात क्लोरीनयुक्त गोळी टाकावी लागते. बोअरचे जड पाणी भरल्यास टाकीवर क्षार साचतात. ज्या घरांत पाणी गाळून आणि मोजून वापरण्याचा नियम आहे, त्यांना साठवलेल्या पाण्यातील जीवोत्पत्ती आणि त्यावर टाकायची गोळी या दोन्ही गोष्टी खटकण्याचा संभव आहे. त्यांनी हवेचे किंवा चुंबकीय यंत्र निवडलेले बरे. हा विचार खरेदीनंतर सुचण्यापेक्षा आधी झालेला चांगला.

एक छोटी वही

यंत्राशेजारच्या भिंतीवर एक साधी वही टांगून ठेवावी. तीत तारीख, वापरणाऱ्याचे नाव, मिनिटे, मीटर आणि शेवटच्या स्तंभात तेल दिल्याची किंवा स्क्रू तपासल्याची नोंद असावी. घरातील सून, सासरे, कॉलेजात जाणारा मुलगा सगळे एकाच वहीत लिहू लागले, की कोण किती दिवस बसले नाही हे न बोलता कळते आणि यंत्राच्या निगेची जबाबदारीही एकट्या गृहिणीवर पडत नाही. आठवड्यातून एकदा मिनिटांची बेरीज करावी, महिन्यातून एकदा वजन आणि कमरेचा घेर लिहावा. रक्तशर्करा व रक्तदाब तपासला जाईल तेव्हा तेही आकडे त्याच पानावर यावेत.

यंत्राला दिलेले तेल आणि शरीराला दिलेली वीस मिनिटे या दोन्ही नोंदी अशा रीतीने एकाच पानावर येतात. दोहोंचा घसारा पूर्णपणे थांबवता येत नाही, पण तो लांबवता निश्चित येतो. दिवाळीच्या सुमारास पेढीच्या जुन्या वह्या बंद करून नव्या मांडल्या जातात, तेव्हा ही छोटी वहीही एकदा समोर घ्यावी. वर्षभरात किती आठवडे कोरे गेले, ते का गेले आणि पुढील वर्षी दुकानाच्या कोणत्या कामातून ती वीस मिनिटे काढता येतील, हे घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवावे आणि नव्या पानावर पहिली तारीख लगेच घालावी.